कोपऱ्यातलं खोकं

कोंबड्यांनी अंडी घालावीत म्हणून मी सुताराकडून खोकी करून घेतली. प्लायवूडची, एका रांगेत, जमिनीपासून गुडघाभर उंच, आत लाकडाचा भुसा, पुढे पाय ठेवायला पट्टी. काम झाल्यावर सुतार मागे सरकून म्हणाला, "बाई, यात माणूससुद्धा अंडं घालील." कोंबड्यांनीही खोकी पाहिली. माना तिरक्या करून आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिली, आणि जाऊन कुंपणाच्या झुडपात अंडी घातली. स्कूटरच्या मागे घातली, सिमेंटच्या अर्धवट पोत्यावर घातली, धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत घातली. एकदा माझ्या नवऱ्याच्या हेल्मेटात घातलं. ते त्याला ऑफिसला निघताना कळलं. म्हणजे हेल्मेट डोक्यावर बसवल्यावर कळलं.

हसण्यासारखं होतं तोवर आम्ही हसलो.

अंडी मी जवळच्या बेकरीला देत होते. मग झुडपातलं एक अंडं तिथे फुटलं. कुंपणातलं अंडं कधीचं आहे ते कुंपणालाच ठाऊक असतं. बेकरीवाली बाई अंडी थेट पिठाच्या मोठ्या भांड्यात फोडते. ते फुटलं, अख्खं भांडं गेलं, आणि वासाने गिऱ्हाइकं फुटपाथवर जाऊन उभी राहिली. संध्याकाळी ती एप्रनसकट आमच्या दारात आली. उरलेल्या अंड्यांची टोपली माझ्यापुढे धरली.

"सांगा, यातलं आजचं कुठलं आणि मागच्या जन्मीचं कुठलं?"

मी एक अंडं उचलून उजेडात धरलं आणि परत टोपलीत ठेवलं.

"तुमची अंडी चांगली म्हणून मी पॅकबंद अंडी आणणाऱ्या पॅकिंगवाल्याला सोडलं," ती म्हणाली. "आता ऐका. खोक्यात घातलेलं आणि त्याच दिवशी उचललेलं, तेवढंच आणायचं. महिनाअखेरीला मी स्वतः येऊन बघणार. जमलं तर पुढे चालू. नाहीतर तुम्ही तुमच्या वाटेने, मी माझ्या."

बेकरी गेली तर कोंबड्या गेल्या, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. कोंबड्या गेल्या तर माझं काय राहिलं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. कॉलेजात मी कंत्राटावर शिकवत होते. एका वर्षी विभागप्रमुख "पुढच्या सत्रात बघू" म्हणाले, आणि ते सत्र काही उगवलं नाही. त्यानंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी कोंबड्या आणल्या. या घरात माझ्या डोक्यातून निघालेली आणि माझ्या हाताने उभी राहिलेली ती एकच गोष्ट. बाकी सगळं मी फक्त सांभाळते.

शेड रिकामी झाल्यावर तिथे काय करायचं ते मात्र ठरलेलं होतं. तिथे भाऊजींचं मार्गदर्शन केंद्र होणार होतं. विषय: वेळेचं नियोजन. तरुणांसाठी. कुणा तरुणाने मागणी केल्याचं माझ्या कानावर नाही. पण भाऊजींनी टेप घेऊन शेडची लांबी-रुंदी मोजली होती, आणि मोजताना वाटेत आलेल्या कोंबडीला "सरक" म्हणाले होते.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. एका कारखान्यात त्यांनी जन्मभर एकच काम केलं. दुसऱ्यांच्या कामाला किती वेळ लागतो ते मोजलं. हातात घड्याळ घेऊन कामगाराच्या पाठीमागे उभं राहायचं. कोण किती वेळा वाकलं, कोण पाणी प्यायला गेलं, कोण नाक शिंकरायला थांबलं. ते निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. कामगारांनीही मिठाई वाटली म्हणतात, आपापसात. मग भाऊजी आठ दिवसांसाठी आमच्याकडे आले. त्याला आता दुसरं वर्ष लागलं आहे. मध्यंतरी त्यांच्या मुलाने मोठं घर विकून लहान घेतलं. मुद्दाम घेतलं असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण मी म्हणते.

आल्याआल्या त्यांनी माझं स्वयंपाकघर सुधारलं. चहाची पूड खाली आणली, साखर वर नेली, कारण त्यांच्या हिशोबाने साखरेकडे मी कमी वेळा वळते. मी कितीदा वळते हे त्यांनी माझ्या पाठीमागे उभं राहून ठरवलं होतं. चहा करताना माझ्या किती फेऱ्या फुकट जातात, ते त्यांनी रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. "मग तुम्हीच करा" असं कुणाच्या तोंडून आलं नाही. मी नवऱ्याकडे बघितलं. तो ताटाकडे बघत होता. झोपताना म्हणाला, "मोठा आहे गं तो. सोडून दे." या एका वाक्याच्या खांबावर आमचं घर उभं आहे. तो खांब कुणी धरून ठेवलाय हे विचारायची पद्धत नाही.

असो. कोंबड्या.

कोंबडीला काय हवं असतं हे मला थोडं पुस्तिका वाचून कळलं आणि बरंच चुकून कळलं. पहिल्यांदा मी खोकी खिडकीसमोर लावली होती, ऊन छान येतं म्हणून. ऊन मला छान वाटत होतं. अंडं मी घालणार नव्हते. कोंबडीला अंधार हवा, आडोसा हवा, पायाखाली मऊ हवं, आणि आपल्याआधी कुणीतरी इथे अंडं घालून सुखरूप परत गेलं आहे याचा पुरावा हवा. म्हणून मी खोकी मागच्या भिंतीला हलवली आणि प्रत्येकात प्लास्टरचं एकेक खोटं अंडं ठेवलं. आठवड्याभरात फरक पडला. फरक असा की सगळ्या कोंबड्यांना एकच खोकं आवडलं. अगदी कोपऱ्यातलं. सगळी खोकी एकाच सुताराची, एकाच लाकडाची, भुसा एकाच पोत्यातला. पण कोपऱ्यातल्या खोक्यासमोर रांग लागायची. आत एक बसलेली, तिच्या अंगावर दुसरी, बाहेर तिसरी कुरकुरतेय, आणि शेजारची खोकी ओस. मला काय, कुठल्याही खोक्यात घाला, पण खोक्यात घाला. टोपली भरायला लागली. बेकरीवाली काही बोलायची नाही, नुसती मान हलवायची. तिच्यासारख्या बाईने मान हलवणं म्हणजे दुसऱ्या कुणी मिठी मारणं.

आणि मग टोपली पुन्हा रिकामी व्हायला लागली.

कोंबड्या पुन्हा कुंपणात. पुन्हा स्कूटरमागे. मी भुसा बदलला, खाद्य बदललं, साप शिरतो की काय म्हणून भिंतीची भोकं बुजवली. सकाळी मला शेडकडे फिरकायला जमत नसे. नवऱ्याचा डबा, लेकीचा डबा, भाऊजींचा पहिला चहा, भाऊजींचा दुसरा चहा. त्यावर भाऊजी हल्ली आपणहून म्हणायचे, "तू चहाकडे बघ, मी खुराड्याकडे बघतो." ते स्वयंपाकघरातून बाहेर जाताहेत यातच मला एवढं सुख होतं की ते जाताहेत कुठे, हे मी विचारलं नाही.

एके दिवशी लेक दात घासता घासता आत आली. तोंडात फेस.

"आई, काका काकूला उठवताहेत."

काकू म्हणजे आमची सगळ्यात थोराड कोंबडी. तांबडी, रुंद, चालताना दर पावलाला नाराज. मी हातातली सांडशी घेऊनच शेडमध्ये गेले.

प्रत्येक खोक्यात एक बल्ब लावलेला होता. लग्नघरासारखा लखलखाट. प्रत्येक खोक्यावर रंगाने आकडा घातलेला. प्रत्येक कोंबडीच्या पायात रंगीत प्लास्टिकची रिंग. आदल्या दिवशीपर्यंत यातलं काहीच नव्हतं. आणि भाऊजी, एका हातात घड्याळ, दुसऱ्या काखेत काकू. काकू पाय हवेत सोडून शून्यात बघत होती.

"भाऊजी, हे काय?"

"काम वाटून दिलंय," ते म्हणाले. "एका खोक्यावर सगळा ताण आणि बाकीची नुसती उभी. कारखाना असा चालत नाही."

"हा कारखाना नाहीये."

"म्हणून तर चालत नाहीये."

"अहो, ती अंडं घालत होती!"

"घालत नव्हती, बसली होती. मी उभा आहे ना इथे. अंडं पडायला क्षण लागतो. त्याआधीचं सगळं नुसतं बसणं. तेवढ्या वेळात दुसरी येऊन मोकळी होईल." त्यांनी काकूची रिंग बघितली आणि तिला दुसऱ्या टोकाच्या खोक्यात, बल्बखाली ठेवली. "लाल. एक नंबर. हं, चला."

काकू तिथे एक श्वासभर थांबली. मग उतरली, आमच्या दोघांच्या मधून चालत दाराबाहेर गेली, आणि सरळ कुंपणात शिरली.

राग आला की मला शब्द सुचतात. तेव्हाही सुचले, एकाहून एक. थोरले दीर आहेत म्हणून मी ते सगळे गिळले आणि चहा उकळत होता म्हणून परत गेले. त्या दिवशीचा चहा मीसुद्धा प्यायले नाही.

संध्याकाळी नवरा बूट काढत होता तिथेच त्याला गाठलं.

"तुझ्या दादाला सांग, खुराड्यात पाय ठेवायचा नाही."

"असं कसं सांगू? मोठा आहे तो."

"मोठा आहे म्हणूनच. खोक्यात मावत नाही. बाहेर राहू दे."

"अगं, माणसाला काही उद्योग हवा की नको? नाहीतर तो घरात..." तो थांबला. बुटाच्या नाडीत त्याला एकदम खूप रस वाटू लागला.

"बोल ना. नाहीतर घरात काय?"

"नाहीतर दिवसभर घरात बसेल. माझ्या मागे लागतो गं तो. पेपर वाचायला किती वेळ लावतोस म्हणून विचारतो."

मला समजायला जरा वेळ लागला. भाऊजींनी तोही मोजला असता.

"म्हणजे तू पाठवलंस त्यांना शेडमध्ये?"

"पाठवलं नाही," नवरा म्हणाला. "सुचवलं."

सुचवलं! स्वतःच्या पाठीमागचं घड्याळ काढून त्याने माझ्या कोंबड्यांच्या पाठीमागे उभं केलं होतं. पेपर निवांत वाचता यावा म्हणून. महिनाअखेर तोंडावर आली असताना. आणि वर मलाच "सोडून दे" म्हणत होता. भाऊजींचा मला राग येत होता, पण तो ओळखीचा राग होता, रोजचा, दाराच्या चौकटीसारखा. हा नवा होता.

मी नणंदेला फोन लावला.

"ताई, दादांना थोडे दिवस तुमच्याकडे बोलवा ना. हवापालट होईल."

"आमच्याकडे? अगं, आमच्याकडे जागा कुठे आहे?"

"खुराड्याएवढी तरी असेलच की."

ताई म्हणाल्या, "कोंबड्या आल्यापासून तू फार बोलायला लागली आहेस हं."

त्या रात्री मी बल्ब काढले. रिंगा काढल्या, कोंबड्या झोपेत असल्या की पाय देतात. आकड्यांवर पांढरा रंग फासला. जुन्या चादरी फाडून प्रत्येक खोक्याला पडदे केले. आता एकच उपाय होता, आणि पुस्तिकेत तो ठळक अक्षरांत होता: अंडी घालून होईपर्यंत कोंबड्यांना बाहेर सोडायचं नाही, आणि कुणी आत यायचं नाही. जी जमिनीवर कोपरा उकरेल तिला हलकेच उचलून खोक्यात ठेवायचं. म्हणजे सगळी सकाळ कुणीतरी आत बसायला हवं. गुपचूप.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी आत गेले, आतून कडी घातली आणि बादली पालथी घालून बसले.

जरा वेळाने सपातांचा आवाज आला. दार हललं.

"कडी कुणी लावली? उघड."

"हळू बोला," मी फटीला तोंड लावून कुजबुजले. "बसल्यात."

"चहा?" तेही कुजबुजले. जन्मभर मोठ्याने बोललेल्या माणसाला कुजबुजता येत नाही. पंक्चर झालेल्या चाकासारखा आवाज निघाला.

"पूड खाली आहे, साखर वर. तुम्हीच ठेवलीय."

सपाता गेल्या. बूट आले. नवऱ्याचा श्वास फटीतून आत आला.

"अगं, काय चाललंय? दादा म्हणतो तू आत कोंडून घेतलंयस."

"बरोबर म्हणतो."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना ऐकू जात नाहीये. तू हळू बोललास तर जाणारही नाही."

"माझा डबा?"

"ब्रेड आहे. अंडी कुंपणात आहेत, शोध."

"हे बघ, दादाने जे केलं ते चांगल्यासाठीच..."

"तू सुचवलंस ते कुणाच्या चांगल्यासाठी?"

त्याच्या मागून पंक्चरचा आवाज आला. "ती तांबडी तासभर बसते! तासभर! एका अंड्याला!"

"भाऊजी," मी म्हणाले, "तुमच्या वेळी तुमच्या आईला किती वेळ लागला होता?"

बाहेर सपाता एक पाऊल मागे सरकल्या.

"आईला मध्ये आणू नकोस," नवरा कुजबुजला.

"मी कुठे आणलं? तिनेच आणलं तुम्हा दोघांना. पाठीमागे घड्याळ घेऊन कुणी उभं नव्हतं म्हणून आणता आलं."

"ही भाषा?" भाऊजी म्हणाले. "थोरल्या दिराशी?"

"भाषा कशी झाली ते मी नंतर ऐकून घेईन. आत्ता तुम्ही एका बाळंतिणीच्या दारात उभे आहात. निघा."

"शू!" लेक कुठूनतरी म्हणाली. "काकू चढतेय. मला खिडकीतून दिसतंय."

असं भांडण आमच्या घरात कधी झालं नव्हतं. ओरडून भांडणारा माणूस वाक्य अर्ध्यावर सोडतो आणि दार आपटून निघून जातो. इथे ओरडायची सोय नव्हती आणि दार माझ्या ताब्यात होतं, त्यामुळे प्रत्येकाला आपलं वाक्य शेवटपर्यंत न्यावं लागलं. शेवटपर्यंत नेलं की वाक्य केवढं वाईट दिसतं, ते त्या दोघांना बहुधा पहिल्यांदा कळलं. काकू तोवर पडद्याआड गेली होती. आतून भुसा उकरल्याचा आवाज येत होता. मी बादलीवर शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी ताठ बसले होते. कोंबडीला राग कळतो म्हणतात, म्हणून मी श्वाससुद्धा मोजून घेत होते. हळूहळू कोपऱ्यात रांग लागली.

रोज असंच. भाऊजींनी अबोला धरला. आम्ही जेवून उठल्यावर ते एकटे जेवायला बसत, आणि पाणी हवं असलं तर मला ऐकू येईल असं नवऱ्याला सांगत. नवरा ब्रेड नेऊ लागला. टोपली भरू लागली. मी कुंपणातली अंडी वेगळी काढून घरी वापरली, आणि फोडताना दर वेळी नाक लांब धरलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बेकरीवाली आली. तिच्या पुढे जाऊन गेट उघडलं भाऊजींनी. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"या, या. इथलं व्यवस्थापन मी बघतो."

मी शेडच्या दारात उभी होते, केसांत भुसा. माझ्याशी त्यांचा अबोला होता, पण माझ्या कोंबड्यांबद्दल बोलायला काही हरकत नव्हती.

"सुरुवातीला फार गोंधळ होता," ते सांगत होते. "शिस्त नाही, कामाची वाटणी नाही. मग मी अभ्यास केला. बाईमाणसाला सवय नसते हो या गोष्टींची. हळूहळू पद्धत बसवली."

बेकरीवालीने माझ्याकडे बघितलं. आत तीन-चार जणी बसलेल्या होत्या.

"पाय न वाजवता या," मी एवढंच कुजबुजले.

आम्ही आत गेलो. अंधार, भुशाचा वास, पडद्यांमागे बारीक हालचाल. बेकरीवाली दाराशीच थांबली. तिला बसलेल्याला उठवू नये एवढी अक्कल होती. पावाचं पीठ फुगत असताना झाकण उघडायचं नसतं हे तिला कुणी शिकवायला नको. भाऊजी सरळ कोपऱ्यातल्या खोक्याकडे गेले.

"बघा, दाखवतोच तुम्हाला," म्हणत त्यांनी पडदा उचलला आणि काकूच्या पोटाखाली हात घातला.

मी त्यांचं मनगट धरलं.

"हात काढा."

हे मी कुजबुजले नव्हते. किती मोठ्याने बोलले ते मला लेकीकडून कळलं. ती गेटपाशी होती, आणि रस्त्यावरचा सायकलवाला थांबला म्हणे.

शेड फुटल्यासारखी झाली. पंख, भुसा, पिसं, किंचाळ्या. काकू भाऊजींच्या खांद्यावरून गेली आणि तिचं अंडं तिच्यामागून येऊन त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर फुटलं.

"पाहुण्यांसमोर..." भाऊजी म्हणाले.

"पाहुण्यांसमोरच. बाहेर व्हा. या कोंबड्या माझ्या, खोकी माझी, यातली प्रत्येक चूक माझी. तुम्ही इथे काही बसवलं नाही. बसलेलं उठवलंत. माझं स्वयंपाकघर उठवलंत, मी गप्प बसले. जेवताना माझ्या फेऱ्या सगळ्यांसमोर मोजून दाखवल्यात, मी गप्प बसले. आता कळलं, मी गप्प बसते म्हणून तुम्हाला वाटतं मी नुसतीच बसलेय."

ते शर्टाकडे बघत होते. बलकाचा ओघळ पेनापर्यंत आला होता. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मी वाट बघितली थोडी, पण नाही आली. ते गेले.

धूळ खाली बसेपर्यंत बेकरीवाली हलली नाही. मग तिने सगळ्या खोक्यांतून हात फिरवला आणि कोपऱ्यातल्यातून अंडी काढून एप्रनमध्ये घेतली. त्यातलं एक भिंतीवर टकटक वाजवलं.

"हे?"

"प्लास्टरचं आहे. त्यांना विश्वास वाटावा म्हणून."

"हे केकात नको." खऱ्यातलं एक तिने खाद्याच्या डब्याच्या झाकणात फोडलं. बलक ताठ उभा राहिला. तिने वास घेतला. "आजचं आहे. सगळ्या एकाच खोक्यात घालतात?"

"हो."

"मग बाकीची कशाला?"

"रांगेत उभं राहून ज्यांना कंटाळा येतो त्यांच्यासाठी."

"हं." ती दाराकडे वळली. "चालू ठेवा. पण बाई, आजच्या आवाजानंतर दोन-चार दिवस तुमच्याकडून मला फारसं काही मिळेलसं वाटत नाही."

"मलाही वाटत नाही."

"पॅकिंगवाल्याकडून घेईन तोवर," ती म्हणाली आणि पिसं झटकत गेली.

संध्याकाळपर्यंत भाऊजींची बॅग बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या पायात येईल अशी ठेवलेली होती. बॅग कुठे निघाली नव्हती. ती नुसती दिसायला होती. ताईंचा फोन येऊन गेला. मी घेतला नाही. नवरा माझ्यामागे स्वयंपाकघरात आला.

"एकदा सॉरी म्हणून टाक. त्याला बरं वाटेल."

"कशाबद्दल?"

"आवाजाबद्दल तरी."

"आवाजाबद्दल मी कोंबड्यांची माफी मागितलीय."

"अगं, मस्करी करतोय का मी? त्याने जेवण सोडलंय."

"मग वाढायचे श्रम वाचले. ऐक, उद्यापासून सकाळभर मी शेडमध्ये असेन. रोज. चहा, डबे, तुमचं तुम्ही बघा. दोन धडधाकट पुरुष आहात."

"आणि दादा?"

"दादा तुझा आहे. त्याला काहीतरी सुचव."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. वीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे असा बघत होता, की जणू मी कुठल्या दुकानातून आणलेली वस्तू होते आणि तिच्याबरोबर सूचनापत्रक यायला हवं होतं.

"अजून रागात आहेस?"

"हो."

"किती दिवस?"

"बेकरी चालू आहे तोवर तरी," मी म्हणाले आणि दिवा मालवला. तो अंधारातच उभा राहिला असावा, कारण मी झोपायला गेले तेव्हा मागे पावलं आली नाहीत.

सकाळी शेडमध्ये अवकळा होती. खोक्यांकडे कुणी बघेना. काकू बंद दाराशी मान ताणून उभी होती, पलीकडे कुंपण आहे हे तिला पक्कं ठाऊक. दोघीतिघी जमिनीवर कोपरे उकरत होत्या. मी एकेकीला उचलून पडद्याआड ठेवत होते, त्या एकेक करून बाहेर येत होत्या. मी पुन्हा ठेवत होते. पाठ दुखायला लागली. आदल्या दिवशी एका वाक्यात उधळलेलं सगळं आता एकेक कोंबडी करून गोळा करायचं होतं, आणि ते वाक्य मी परत घेणार नव्हते. बराच वेळ गेला. शेवटी काकूने दार सोडलं, कोपऱ्याकडे आली, पडद्यात मान घातली, काढली, पुन्हा घातली, आणि एक पाय पट्टीवर ठेवला.

तेवढ्यात घरातून भांडं पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ नवऱ्याचा आवाज, इतका वर चढलेला मी आमच्या लग्नापासून ऐकला नव्हता.

"दादा, तू मागे उभा राहू नकोस!"

"मी फक्त बघतोय. तू साखरेसाठी दोनदा वळलास."

"बघू नकोस! सरक! सरक म्हणतो ना, दादा!"

काकू पट्टीवर एका पायाने गोठली. मी बादलीवरून उठले आणि दाराच्या फटीला तोंड लावलं.

"हळू भांडा," मी म्हणाले.